मराठीत गोष्ट लिहायचीय पण शब्दच सापडत नाहीत? पहिल्या वहीपासून दिवाळी अंकापर्यंत

"डोक्यात गोष्ट तयार आहे पण लिहायला बसलं की शब्दच येत नाहीत" असं म्हणणारी खूप मंडळी मला भेटतात, त्यातली बरीचशी इंग्लिश मीडियमची, काही परदेशात वाढलेली, आणि काही चांगली मराठी शाळेत शिकलेली पण दहावीनंतर मेसेजपलीकडे मराठीत काही न लिहिलेली. मी स्वतः याच रस्त्यानं आले, आता कथा छापून येतात, आणि मधे जे जे कळत गेलं ते कोणी आधी क्रमानं सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं असं वाटतं म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. शब्द एकटे येत नाहीत, ते कुठल्यातरी माणसाबरोबर, कुठल्यातरी कामाबरोबर, कुठल्यातरी जागेबरोबर येतात. त्यामुळे "आधी शब्दसंग्रह वाढवू, मग गोष्ट लिहू" असे दोन वेगळे टप्पे करू नका. ज्या माणसाकडे तुम्ही शब्द शोधायला जाल त्याच माणसाकडे गोष्ट असते.

१. काय काय लागेल

फार काही लागत नाही, पण हे जवळ असू द्या:

- एक साधी वही. मोबाईलमधे नोट्स घेतल्या तरी चालतील पण आठवड्यातून एकदा त्या वहीत उतरवा, हातानं लिहिलेला शब्द जास्त टिकतो असा माझा अनुभव आहे.
- मराठी युनिकोड कीबोर्ड. फोनवर जीबोर्ड पुरतो, कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची मांडणी) शिकून घेतलंत तर पुढे खूप सोपं जातं. बोलून टाईप करायची सोय गूगल डॉक्समधे मराठीलाही आहे, लिहायचा कंटाळा येणाऱ्यांनी पहिला खर्डा तसा करून बघावा.
- गावातल्या वाचनालयाची मेंबरशिप. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून, पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून, पण एवढं मोठंच पाहिजे असं नाही, तालुक्याच्या वाचनालयातही कपाटभर जुनं साहित्य असतं. दिवाळीनंतर बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, ती नक्की भरा, थोड्या पैशात त्या वर्षी मराठीत कोण काय लिहितंय ते सगळं हातात येतं.
- कोश. यावर जरा जास्त बोलायचंय.

शिकागो विद्यापीठानं दक्षिण आशियातल्या भाषांचे कोश ऑनलाईन फुकट ठेवलेत, त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे (त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारलेली दुसरी १८५७ ची) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे, जो १९३२ पासून सात खंडांत निघाला. देवनागरीत शब्द टाकून शोधता येतो. परदेशात असाल, घरात एकही मराठी पुस्तक नसेल, तरी हे दोन कोश तुमच्याकडे आहेतच असं समजा. मोल्सवर्थ मला फार आवडतो कारण त्या काळात लोक शेतात, बाजारात, घरात काय बोलत होते ते त्यात सापडतं, एक शब्द बघायला जावं आणि अर्धा तास तिथेच रमावं असं होतं.

पण सावध राहा. कोशात सापडला म्हणून शब्द कथेत घालायचा नाही. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा शब्द आज कोथरूडच्या फ्लॅटमधल्या मुलीच्या तोंडी शोभणार नाही. कोश असतो तो तुम्ही ऐकलेल्या शब्दाचा नेमका अर्थ, त्याचं लिंग, त्याच्या छटा तपासायला.

२. शब्दांची वही कशी ठेवायची

बहुतेकजण वही घेतात, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि पंधरा दिवसांत बंद. कारण त्या यादीत जीव नसतो.

प्रत्येक शब्दापुढे या गोष्टी लिहा: कोण बोललं, कुठे बोललं, आणि पूर्ण वाक्य काय होतं. उदाहरणार्थ नुसतं "पागोळी" लिहू नका, "पागोळ्यांखाली घागर लावून ठेव गं, नळाला आज पाणी नाही, असं आजी सुनेला म्हणाली, पडवीत" असं लिहा. आता त्या शब्दाबरोबर छपराच्या कडेवरून पडणारं पाणी आलं, घागर आली, नळाला पाणी नसलेला दिवस आला, आणि सासू-सुनेचं नातंही थोडंसं आलं.

आणि वही अआइईच्या क्रमानं लावू नका. कामाप्रमाणे लावा. स्वयंपाकाची पानं वेगळी, पावसाची वेगळी, शिवणकामाची वेगळी, तलाठी ऑफिसची वेगळी (सातबारा, फेरफार, उतारा, नोंद, हरकत, ही सगळी भांडणाच्या गोष्टींची खाण आहे, जमिनीवरून भाऊ-भाऊ बोलेनासे झाले असं लिहायचं असेल तर हे शब्द आलेच पाहिजेत).

३. एक काम निवडा आणि त्याच्या तळाशी जा

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, घाई करू नका, महिना लागला तरी चालेल.

तुमच्या ओळखीत हातानं काम करणारं एक माणूस शोधा. शिंपी, सुतार, खानावळ चालवणाऱ्या काकू, एसटीचे कंडक्टर, मासे विकणारी मावशी, कोणीही. त्यांच्याजवळ जाऊन बसा, काम चालू असताना बसा, आणि "याला काय म्हणतात" एवढंच विचारा. मुलाखत घेतल्यासारखं करू नका, फोन समोर धरून रेकॉर्डिंग तर नकोच, माणूस लगेच पुस्तकी बोलायला लागतो. रेकॉर्ड करायचंच असेल तर आधी विचारा, हो म्हणाले तर फोन बाजूला ठेवून द्या.

मी शिवणकामापासून सुरुवात केली कारण माझी एक मावशी ब्लाऊज शिवते. धावदोरा, हेम, उलटी टीप, काज, गुंडी, अस्तर, चुणी, घेर, मुंढा, रफू, ठिगळ, कातरण, कच्चा टाका घालणं, टीप मारणं, उसवणं, हे सगळं तिच्या मशीनशेजारी बसून मिळालं. यातला "उसवणं" बघा. फाडणं वेगळं, उसवणं वेगळं, फाटलेलं कापड आणि उसवलेली शिवण यात जो फरक आहे तो कथेत एका शब्दात दाखवता येतो, एकात कापड गेलं, दुसऱ्यात नुसता दोरा गेला.

आणि तिथेच कळलं की कपडा शिवताना आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड सोडतात, पुढे सैल करता यावं म्हणून, त्याला माया ठेवणं म्हणतात. वाढत्या अंगाच्या मुलीच्या फ्रॉकला जास्त माया ठेवायची, दर वर्षी थोडी उसवायची आणि मोठा करायचा. हे ऐकलं आणि गोष्ट समोर आली: एक बाई दर जूनमधे मुलीचा फ्रॉक मोठा करते आणि या वर्षी उसवून बघते तर आत कापडच उरलेलं नाही. हेच उदाहरण आपण पुढे वापरू.

जे माणूस तुम्हाला शब्द देतं त्याचं नाव-गाव, त्याची खासगी भानगड जशीच्या तशी कथेत घालायची नाही. हा नियम मी कधीच मोडत नाही. शब्द घ्या, कामाची पद्धत घ्या, आयुष्य मात्र दुसरं रचा.

ओळखीत कोणी नसेल, दूर देशी असाल, तर जात्यावरच्या ओव्या वाचा आणि ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संस्थेच्या वेबसाईटवर त्यातल्या कितीतरी आवाजासकट ऐकायला मिळतात. माहेर, भाऊ, शेत, पाऊस, सासर, बाजार, सगळ्याचे शब्द आहेत त्यात, आणि तेही बायकांनी स्वतःच्या तोंडानं गायलेले.

४. विशेषणं कमी, क्रियापदं नेमकी

नवीन लेखक शब्दसंग्रह म्हटलं की विशेषणांकडे धावतात. नयनरम्य, विलोभनीय, अप्रतिम, अवर्णनीय. किंवा मग शाळेतले समानार्थी शब्द, सूर्याला भास्कर, दिनकर, मित्र, रवी. पण गोष्टीत सकाळी उठलेला शेतकरी "भास्कर उगवला" म्हणत नाही, तो म्हणतो "दिस वर आला" किंवा "तांबडं फुटलं". समानार्थी म्हणून दिलेले शब्द खरं तर एकमेकांच्या जागी बसत नाहीत, प्रत्येकाचं घर वेगळं असतं.

मराठीची खरी श्रीमंती क्रियापदांत आहे. झाडावरून किंवा जमिनीतून पीक काढण्याचंच बघा ना. आंबे उतरवतात, नारळ पाडतात, मेथी खुडतात, कापूस वेचतात, ऊस तोडतात, भुईमूग उपटतात, हळद खणून काढतात, गव्हाची नाशिक-नगरकडे सोंगणी करतात. सगळीकडे "तोडणे" लिहिलंत तर वाचणाऱ्या शेतकऱ्याला एका ओळीत कळतं की हा माणूस कधी शेतात गेलेला नाही, आणि मग पुढची गोष्ट कितीही चांगली असो, त्याचा विश्वास उडतो.

स्वयंपाकघरात तर विचारूच नका. चिरणं, किसणं, खवणं, कुटणं, वाटणं, कांडणं, भरडणं, दळणं, पाखडणं, चाळणं, मळणं, तिंबणं, थापणं, लाटणं, परतणं, उकडणं, आटवणं, विरजणं, घुसळणं, वेळणं. प्रत्येकाला हाताची वेगळी हालचाल आहे, वेगळा आवाज आहे, वेगळा वेळ लागतो. भांडण झाल्यावर बाई कणीक तिंबत बसली असं लिहिलं की राग वेगळा सांगावा लागत नाही.

रडण्याचे शब्द घ्या. मुळूमुळू रडणारा, मुसमुसणारी, हमसून हमसून रडणारा, ओक्साबोक्शी रडणारी, भोकाड पसरणारं पोर, ही पाच वेगळी माणसं आहेत. चालण्याचेही तसेच, तरातरा, लगबगीनं, रेंगाळत, खुरडत, भेलकांडत, तुरुतुरु, दबक्या पावलांनी.

सराव असा करा. तुमच्या जुन्या लिखाणातलं एक पान घ्या, त्यातली सगळी "खूप", "अतिशय", "अत्यंत", "सुंदर", "विचित्र" लाल पेननं खोडा. आता जिथे जिथे वाक्य लुळं पडलं तिथे क्रियापद बदलून बघा, नुसतं विशेषण परत आणू नका. "तो खूप हळू चालत आला" याचं "तो रेंगाळत आला" होईल किंवा "खुरडत आला" होईल, आणि यातलं नेमकं कुठलं हे ठरवताना तुम्हालाच कळेल की त्याला यायचं नव्हतं की त्याचा पाय दुखत होता.

पावसाचं एक पान वहीत ठेवाच, मराठी गोष्टीत पाऊस येतोच येतो. वळीव, भुरभुर, रिमझिम, पिरपिर, सर, शिरवं, संततधार, झड, उघडीप. शिवाय नक्षत्रं. मृग ७-८ जूनच्या आसपास लागतं, तिथपासून मोजणी सुरू. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा तो हत्तीचा. गावाकडची गोष्ट असेल तर "जुलै महिन्यातल्या पावसात" यापेक्षा "म्हाताऱ्या पावसात" लिहिल्यावर ते बोलणारं माणूसही दिसायला लागतं. मात्र पात्र अंधेरीत लोकल पकडणारं असेल तर त्याला नक्षत्र माहीत असायचं काही कारण नाही, त्याला "रुळांवर पाणी भरलं" एवढंच माहीत असतं, आणि तेच त्याच्यासाठी बरोबर आहे.

५. म्हणी आणि वाक्प्रचार जपून

दाते-कर्वे यांचाच महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश आहे, दोन भाग, मोठ्या वाचनालयात मिळेल. अफाट ऐवज आहे. पण वाक्प्रचार निवेदनात एकामागोमाग एक टाकले की निबंध वाटायला लागतो. माझा नियम असा की म्हण नेहमी पात्राच्या तोंडी, आणि तीही अशा पात्राच्या जे खरंच म्हणीत बोलतं. प्रत्येक घरात अशी एखादी आत्या किंवा आजोबा असतात ज्यांचं एक वाक्य म्हणीशिवाय पुरं होत नाही, पूर्ण गोष्टीत ती लकब एकालाच द्या.

६. गोष्ट कुठून धरायची

शब्द जमले, आता गोष्ट. फ्रॉक मोठा करणाऱ्या त्या बाईला सुमन म्हणू. इथे नवीन माणसाची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तो जन्मापासून सुरू करतो. सुमनचा जन्म, सुमनचं शिक्षण, सुमनचं लग्न, नवरा गेला, मग मुलगी, मग फ्रॉक. ती कादंबरीची जागा आहे. कथेला एक दिवस द्या, शक्य असेल तर एक दुपार.

तीन प्रश्न वहीत लिहून उत्तरं काढा, लिहायला बसण्याआधीच:

- या माणसाला आज काय पाहिजे आहे? (सुमनला शाळा सुरू व्हायच्या आत फ्रॉक मोठा करायचाय.)
- आड काय येतंय? (आत माया उरलेली नाही, नवीन कापडाला पैसे नाहीत, आणि तिला मुलीला ते कळू द्यायचं नाहीये.)
- शेवटी काय बदलतं? (इथे तुम्ही ठरवा. मुलीला आधीच कळलेलं असेल. किंवा सुमन स्वतःची साडी कापेल. किंवा शेजारणीकडे पहिल्यांदा पैसे मागेल, आणि ते मागणं हीच गोष्ट असेल.)

तिसऱ्या प्रश्नाचं जे उत्तर पहिल्यांदा सुचेल ते बाजूला ठेवा. ते बहुतेक वेळा आपण कुठेतरी वाचलेलं किंवा सिरीयलमधे बघितलेलं असतं. साडी कापणं मला पहिल्यांदा सुचलं होतं, म्हणूनच मी ते घेतलं नाही.

आता लिहिण्यातला फरक बघा. पहिला खर्डा साधारण असा येतो:

"सुमन खूप गरीब होती. तिची मुलगी आता मोठी होत होती. तिने अत्यंत दुःखी मनाने जुना फ्रॉक हातात घेतला. तिला काय करावं ते कळत नव्हतं. तिचे डोळे पाण्याने भरले."

आणि तोच प्रसंग, मशीनशेजारी बसून शिकलेले शब्द घेऊन:

"सुमनने फ्रॉक उलटा केला. शिवणीच्या कडेला गेल्या वर्षीच्या टिपेच्या भोकांची रांग दिसत होती आणि तिच्या बाहेर जेमतेम दोन सुतं कापड. तिने नखाने चाचपून बघितलं. मग कातरी खाली ठेवली. 'आई, झाला का?' आतून आवाज आला. 'इकडे ये, माप घेते,' ती म्हणाली आणि समोरच पडलेली टेप शोधायला लागली."

यात गरीब नाही, दुःखी नाही, डोळ्यात पाणी नाही. शब्दही कठीण नाहीत, टीप, शिवण, सुतं, चाचपणं, रोजचेच. पण ते त्या बाईचे आहेत. मला शब्दसंग्रह म्हणजे एवढंच अपेक्षित आहे.

७. संवाद आणि बोली

संवाद लिहिताना आधी नातं ठरवा, मग वाक्य. अगं-तुगं, अहो-जाहो, नावापुढे ताई-दादा-काका, यातूनच मराठीत निम्मी गोष्ट कळते. लग्नानंतर काही वर्षांनी "अहो"वरून नवऱ्याच्या नावावर आलेली बायको, किंवा भांडणात अचानक "तुम्ही" म्हणायला लागलेला मित्र, हे वाचणाऱ्याला लगेच टोचतं.

बोलीचं मात्र जरा कडक सांगते. तुमची नसलेली बोली अंदाजे लिहू नका. वऱ्हाडीत मले-तुले, मालवणीत माका-तुका एवढं माहीत असलं म्हणजे ती बोली आली असं होत नाही, क्रियापदांची रूपं चुकतात, हेल चुकतो, आणि त्या भागातल्या माणसाला ती आपली थट्टा वाटते. उपाय सोपा आहे. संवाद प्रमाण मराठीत लिहा आणि त्या भागातल्या कुणाला तरी म्हणा, "तुमच्याकडे हे कसं म्हणतील ते बोलून दाखवा." त्यांच्या तोंडून ऐकून लिहा आणि लिहिलेलं परत त्यांना वाचून दाखवा. आणि अडाणी, विनोदी किंवा खलनायक पात्रालाच बोली द्यायची ही सवय असेल तर ती आजच सोडा, बोली बोलणारा माणूस डॉक्टर असतो, शिक्षक असतो, आणि प्रेमातही पडतो.

इंग्लिश शब्दांचं काय? जे पात्र ऑफिसला "कचेरी" म्हणत नाही त्याला ते म्हणायला लावू नका. पण निवेदनात इंग्लिश वाक्याची घडण शिरते तिथे लक्ष ठेवा. "त्याच्याद्वारे दार उघडलं गेलं" असं मराठीत कोणी बोलत नाही, "त्यानं दार उघडलं" म्हणतात. "तो एक चांगला माणूस होता" मधला "एक" काढून बघा, बहुतेक वेळा तो नकोच असतो.

८. मोठ्यानं वाचा, मग कापा

खर्डा झाला की आठ-दहा दिवस बघू नका. मग दार लावून मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य चुकलंय. जिथे वाचताना तुम्हालाच घाई होते तो भाग काढायचा.

पहिला परिच्छेद काढून बघा. खरंच बघा. खूपदा गोष्ट दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होत असते आणि पहिला आपण नुसता हात मोकळा करायला लिहिलेला असतो. शेवटाचंही तेच, शेवटच्या चार ओळींत तुम्ही वाचकाला गोष्टीचा अर्थ समजावत असाल तर त्या चार ओळी नकोत.

वाचायला देताना घरच्यांपेक्षा असं माणूस शोधा ज्याला तुमचं मन राखायची गरज नाही. आणि "कशी वाटली" असं विचारू नका, सगळे छान म्हणतात. "कुठे कंटाळा आला" आणि "कुठे कळलं नाही" एवढंच विचारा.

९. शुद्धलेखन

कथा कितीही चांगली असो, पहिल्या पानावर ऱ्हस्व-दीर्घाच्या दहा चुका दिसल्या की संपादकाचा हात थांबतो. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ पासून आहेत, पुढे त्यात भर पडून ते १८ झाले, मोजकी पानं आहेत, एका संध्याकाळी वाचून होतात. शब्द अडला की अरुण फडके यांचा मराठी लेखन-कोश उघडायचा. नवीन माणसाचं कुठे अडतं तेवढं सांगते:

- शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ: पाणी, मुलगी, वस्तू, गुरू. अपवाद आणि, नि, परंतु, तथापि असे थोडे. "की" नेहमी दीर्घ.
- शब्दाला प्रत्यय लागला की आधीचं दीर्घ अक्षर बऱ्याचदा ऱ्हस्व होतं: फूल पण फुलाला, मूल पण मुलाला, बहीण पण बहिणीला.
- "दुसऱ्या", "बिचाऱ्या" यातला र नीट टाईप करा, "दुसर्या" असं उमटलं तर ते चूक आहे. कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ शोधा, तो घेतला की जमतं.
- "केलं-गेलं-म्हटलं" लिहायचं की "केले-गेले-म्हटले" हे सुरुवातीलाच ठरवा. बोलीसारखं निवेदन असेल तर अनुस्वार, नाहीतर ए. दोन्ही चालतं पण एका निवेदनात सरमिसळ नको, पात्रांच्या संवादात मात्र ती जशी बोलतात तसं.

१०. पाठवायची कशी

मराठीत कथेसाठी सगळ्यात मोठी जागा अजूनही दिवाळी अंकच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक काढला तिथपासून ही प्रथा चालू आहे, शंभरहून जास्त वर्षं झाली, आणि नवीन लेखकाला घेणारे संपादकही आहेत. पण लोक सप्टेंबरमधे जागे होतात, तोपर्यंत अंक छपाईच्या तयारीत असतो. उन्हाळ्यात कथा पूर्ण करा, मे-जूनमधे पाठवा.

पाठवण्याआधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन वर्षांचे अंक वाचनालयात बसून चाळा. भयकथा घेणाऱ्या अंकाला सुमनचा फ्रॉक पाठवण्यात दोघांचाही वेळ जातो.

सोबत काय द्यायचं:

- युनिकोडमधे टाईप केलेली फाईल (पीडीएफ एकटी नको, त्यांना मजकूर घेता आला पाहिजे), पानांवर नंबर
- कथेचं नाव, तुमचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, साधारण शब्दसंख्या
- चार ओळींचा परिचय, त्यात कौतुक नको
- कथा स्वतःची आहे आणि आधी कुठेही, फेसबुकवरसुद्धा, प्रसिद्ध झालेली नाही असं एक वाक्य

फेसबुकवर किंवा ग्रुपवर टाकलेली कथा बरेच संपादक प्रसिद्ध झालेलीच धरतात, म्हणून जी पाठवायची ती आधी टाकू नका. चोरीची भीती वाटत असेल तर हे माहीत असू द्या की कॉपीराईट कथा लिहिली की आपोआप तुमचा होतो, नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्या कायद्यानं तो लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. तारखेसकट मूळ फाईल आणि पाठवलेला ईमेल जपून ठेवा, तेवढं पुरतं.

एक सापळा नीट बघून ठेवा. "नवोदितांचा प्रातिनिधिक कथासंग्रह, निवड झाली, सहभाग शुल्क इतके इतके, सोबत सन्मानचिन्ह" असे मेसेज येतात. पैसे घेऊन छापलेली कथा कोणी निवडलेली नसते. छापणारा तुम्हाला मानधन देईल, कमी देईल, कदाचित नुसता अंक पाठवेल, पण तुमच्याकडून पैसे मागत असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

एका वेळी एक कथा एकाच अंकाला. कोणाला, कधी पाठवली ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. दीड-दोन महिन्यांत उत्तर नाही आलं तर एक छोटा ईमेल करून विचारा, फोनवर फोन करू नका. साभार परत आली तर त्याच रात्री दुसरीकडे ढकलू नका, आठवडाभर ठेवा, पुन्हा मोठ्यानं वाचा, जिथे अजून अडखळायला होतं तेवढं नीट करा आणि मग दुसऱ्या अंकाला पाठवा.